एका 'निकामी' मातीचा हिशेब : मिशिगनची हिमयुगीन वाळू आणि तिच्यावर दिलेले दोन चुकीचे निवाडे

१/
सातबाऱ्यावरील 'पोटखराबा' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेला असतो. लागवडीखाली न येणारे, म्हणून शेतीच्या हिशेबातून वगळलेले क्षेत्र, असा त्याचा अर्थ. शब्द साधा असला तरी त्यात एक निवाडा आहे : जमीन चांगली की वाईट हे तिच्यात पीक येते की नाही यावरून ठरते. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या उत्तर भागातल्या रेताड, गोटेरी जंगलजमिनीवर असा निवाडा दोनदा दिला गेला. प्रथम ती 'उद्याची सुपीक शेती' ठरली, नंतर 'निकामी पडीक' ठरली. माझ्या मते दोन्ही निवाडे चुकीचे होते आणि दोन्हींचे मूळ एकच होते. आजचा धागा त्याविषयी.

२/
आधी ही माती आली कोठून ते पाहू. शेवटच्या हिमयुगात उत्तर अमेरिकेचा मोठा भाग लॉरेन्टाइड नावाच्या प्रचंड हिमस्तराखाली होता. त्याची जाडी अनेक ठिकाणी एक किलोमीटरहून अधिक होती. हा बर्फ पुढे सरकताना खालचा खडक खरवडत, फोडत आणि दळत गेला. ढोबळमानाने वीस ते बारा हजार वर्षांपूर्वीच्या काळात तो टप्प्याटप्प्याने उत्तरेकडे मागे हटला. हटताना, वाटेत गोळा केलेले सारे दगड, वाळू आणि चिखल त्याने मागे सोडले.

३/
हे सोडणे दोन प्रकारचे होते. बर्फाने थेट टाकलेल्या मिश्र ढिगाऱ्याला आपण हिमोढ म्हणतो. त्यात मोठ्या शिळेपासून चिकणमातीपर्यंत सारे एकत्र असते. पण बर्फाच्या कडेने वितळलेले पाणीही वाहत होते. वेणीसारख्या गुंफलेल्या, उथळ, सतत पात्र बदलणाऱ्या प्रवाहांनी त्या ढिगाऱ्याची निवड केली. गोटे जवळ पडले, वाळू त्यापुढे पसरली. गाळ आणि चिकणमाती मात्र पाण्यासोबत दूर तळ्यांपर्यंत निघून गेली. अशा रीतीने तयार झालेल्या मैदानाला भूशास्त्रात 'आउटवॉश' म्हणतात. पुढची सारी कथा या निवडीतून निघते, कारण पाणी आणि पोषणद्रव्ये धरून ठेवणारा मातीतला सूक्ष्म भागच तेथून आधी वाहून गेला होता.

४/
मिशिगनच्या खालच्या द्वीपकल्पाच्या उत्तर भागात हिमानी निक्षेपांची जाडी काही ठिकाणी ३०० मीटरहून अधिक आहे. तेथे विहीर खणणाऱ्याला खडक लागत नाही, वाळूच लागते. या मैदानांत अधूनमधून गोल खळगे आणि तळी दिसतात. हिमस्तरापासून सुटलेले बर्फाचे प्रचंड तुकडे वाळूखाली गाडले गेले, कालांतराने वितळले आणि वरची जमीन खचली, त्यातून ती बनली. क्रॉफर्ड परगण्यातील ग्रेलिंग हे गाव अशाच प्रदेशात आहे, आणि तेथील मातीच्या एका प्रकाराला मृदाशास्त्रज्ञांनी त्या गावाचेच नाव दिले आहे : 'ग्रेलिंग सँड'.

५/
ग्रेलिंग सँड ही जवळपास निव्वळ वाळू. पावसाचे पाणी तीत पडते आणि थेट खाली उतरते; दोन पावसांमध्ये आठवडा गेला तरी मुळांभोवतीची माती कोरडी पडते. आम्लता जास्त, पोषणद्रव्ये कमी. झाडांना लागणारे पोषण प्रामुख्याने पृष्ठभागावरील पालापाचोळा आणि ह्यूमस यांच्या पातळ थरात असते. म्हणजे या जमिनीचे भांडवल खोल नाही, ते वरच्या काही बोटांतच आहे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर एकोणिसाव्या शतकात काय बिघडले ते सांगण्यास फार शब्द लागत नाहीत.

६/
तिची एक बहीण आहे : 'काल्कास्का सँड'. १९९० पासून ही मिशिगनची अधिकृत राज्य-मृदा आहे. तीही वाळूच, तीही हिमयुगाचीच देणगी. पण तिच्यावर शुगर मेपल आणि पिवळा बर्च यांची भरदार जंगले वाढतात. तिचा उभा छेद घेतला तर वर काळपट ह्यूमस, त्याखाली राखेसारखा फिकट करडा थर आणि त्याखाली कॉफीच्या रंगाचा तांबूस-तपकिरी थर दिसतो. अशा मातीला रशियन शेतकऱ्यांच्या बोलीतून आलेले 'पॉडझॉल' हे नाव आहे. त्यात राखेचा उल्लेख आहे. आधुनिक वर्गीकरणातला 'स्पोडोसॉल' हा शब्दही राखेच्या ग्रीक नावावरूनच घेतलेला.

७/
एकाच जन्माच्या दोन वाळूंचे नशीब वेगळे का? मृदाशास्त्रज्ञ दोन कारणे पुढे करतात. मिशिगन सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यांमुळे पश्चिमेकडील पट्ट्यात भरपूर हिमवर्षाव होतो. वसंतात तो बर्फ सावकाश वितळतो, पाणी दीर्घकाळ मुरत राहते, आणि सेंद्रिय आम्ले लोह व ॲल्युमिनियम घेऊन खालच्या थरात जमा होतात. ग्रेलिंगच्या बाजूच्या कोरड्या सपाट मैदानांवर मात्र आग वारंवार फिरते आणि पालापाचोळा जळून जातो; थर बनण्यास लागणारा कच्चा मालच उरत नाही. माती ही खडकाची नुसती पूड नव्हे. हवामान, वनस्पती, आग आणि काळ यांनी मिळून ती घडते.

८/
या कोरड्या मैदानांवरचे खरे रहिवासी म्हणजे पाइन. थोड्या बऱ्या जागी श्वेत पाइन आणि लाल पाइन, अगदी रुक्ष जागी जॅक पाइन. जॅक पाइनची कित्येक फळे राळेने घट्ट बंद असतात. वणव्याची धग लागली की राळ वितळते, फळ उमलते आणि जळालेल्या, मोकळ्या, उन्हाच्या जमिनीवर बी पडते. म्हणजे आग हे या जंगलावरचे संकट नव्हते. त्याच्या जीवनक्रमातला तो एक ठराविक टप्पा होता. अर्थात ही आग जिवंत जंगलातली होती. पुढे माणसांनी लावलेल्या आगी निराळ्या होत्या.

९/
हा प्रदेश रिकामाही नव्हता. ओडावा आणि ओजिब्वे हे अनिशिनाबे लोक येथे राहत, शिकार करत, मासे धरत, रानबेरी गोळा करत. ग्रेट लेक्सच्या परिसरातील पाइनवनांत ते आगीचा उपयोगही जाणतेपणाने करत. जळलेल्या जागी ब्लूबेरी चांगली येते. १८३६ च्या वॉशिंग्टन करारान्वये त्यांनी सुमारे १ कोटी ३८ लाख एकर प्रदेश अमेरिकी सरकारच्या स्वाधीन केला. पुढच्याच वर्षी, १८३७ मध्ये, मिशिगन राज्य झाले. ज्यांना या वाळूचा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता, त्यांना तिच्याविषयीच्या निर्णयांतून दूर सारल्यानंतरच पुढचे सारे घडले.

१०/
श्वेत पाइनचे लाकूड सरळ, हलके, कापण्यास सोपे आणि पाण्यावर तरंगणारे. गवताळ पठारांवर वसणाऱ्या शहरांना आणि शेतवस्त्यांना तेच हवे होते. १८७१ च्या अग्निकांडानंतर शिकागोची मागणी आणखी वाढली. १८७० नंतरची जवळपास तीन दशके लाकूड-उत्पादनात मिशिगन अमेरिकेत आघाडीवर होते. हिवाळ्यात गोठलेल्या वाटांवरून ओंडके नदीकाठी ओढले जात, वसंतात पुराबरोबर सोडले जात. शतक संपेपर्यंत मूळ पाइनवन जवळजवळ संपले. ज्या कंपन्यांनी ते तोडले त्यांना जमिनीत रस नव्हता. जमीन हे त्यांच्या लेखी लाकडाचे तात्पुरते गोदाम होते.

११/
वाळूचा आणखी एक गुण येथे सांगितला पाहिजे. ती पाणी वरच्यावर धरत नाही, पण खोलवर साठवते आणि गाळून देते. त्यामुळे ग्रेलिंगजवळून वाहणाऱ्या ऑ साबल नदीचे पाणी बाराही महिने थंड, स्वच्छ आणि बहुतांशी एका पातळीचे असते. नदीच्या फ्रेंच नावातही वाळूच आहे. या नदीतील ग्रेलिंग माशावरून गावाचे नाव पडले. ओंडक्यांच्या लोंढ्यांनी नदीतळाची गोट्यांची अंडीघरे खरवडून काढली, काठची सावली गेली, मासेमारी बेसुमार झाली, बाहेरून आणलेल्या माशांची स्पर्धा आली. १९३० च्या दशकापर्यंत ग्रेलिंग मासा मिशिगनमधून नाहीसा झाला. मासा गेला आणि गावाला त्याचे नाव तेवढे उरले.

१२/
तोडीनंतर मागे राहिला तो फांद्या-शेंड्यांचा वाळलेला ढीग. ८ ऑक्टोबर १८७१ रोजी, शिकागो जळत असतानाच, विस्कॉन्सिनमधील पेश्टिगो आणि मिशिगनमधील हॉलंड व मॅनिस्टी येथेही आगी भडकल्या. ५ सप्टेंबर १८८१ रोजी मिशिगनच्या 'थम्ब' भागात लागलेल्या आगीत २८० हून अधिक माणसे मेली. नव्याने स्थापन झालेल्या अमेरिकन रेड क्रॉसचे ते पहिले आपत्कालीन मदतकार्य ठरले. १९०८ मध्ये मेट्झ येथे आगीतून पळणाऱ्यांची रेल्वेगाडीच जळली. ११ जुलै १९११ रोजी ऑ साबलच्या मुखावरील ऑ साबल व ऑस्कोडा ही जोडगावे भस्मसात झाली. या साऱ्याच आगी वाळूच्या मैदानांवरच्या नव्हत्या, परंतु सर्वांमागे तोडलेल्या जंगलाचे सरपण होते.

१३/
जिवंत जॅक पाइनवनातली आग आणि तोडीच्या ढिगाऱ्यातली आग यांत मोठा फरक आहे. दुसरी अधिक काळ, अधिक तापमानाने आणि जमिनीला लागून जळते. त्यातून पुन्हापुन्हा लागली तर ह्यूमसचा पातळ थर राखच होतो, आणि बी देणारी मोठी श्वेत पाइनची झाडेही उरलेली नसतात. पाचव्या मुद्द्यात म्हटले होते की या मातीचे भांडवल वरच्या काही बोटांत आहे. ते भांडवल वीस-तीस वर्षांत जळून गेले. मागे राहिले कोळसलेल्या खुंटांचे, नेच्याचे आणि खुरट्या ओकचे माळ.

१४/
आणि नेमकी हीच जमीन शेतीसाठी विकण्यात आली. त्या काळचा सार्वत्रिक विश्वास असा होता की कुऱ्हाडीमागून नांगर येतोच. दक्षिण मिशिगनमध्ये, हिमोढांच्या चिकणमातीयुक्त जमिनीत, तसे घडलेही होते. तेव्हा उत्तरेतही तसेच घडेल असे गृहीत धरले गेले. लाकूड कंपन्यांना तोडलेल्या जमिनीवरचा कर टाळायचा होता, रेल्वेला मालवाहतूक आणि प्रवासी हवे होते, परगण्यांना करदाते हवे होते. जाहिराती, पत्रके आणि दलाल यांचा सुकाळ झाला. शहरातल्या कारखान्यांना कंटाळलेल्या, नव्याने अमेरिकेत आलेल्या, थोडीशी पुंजी जवळ असलेल्या कुटुंबांनी ती जमीन घेतली.

१५/
पहिली दोन-तीन वर्षे राख आणि उरलेसुरले ह्यूमस यांवर पीक आले. त्यानंतर वाळूने आपला स्वभाव दाखवला. नांगरल्याबरोबर ती वाऱ्याने उडू लागली. खत घातले तर पावसाबरोबर खाली निघून गेले. शिवाय थंडी. ही सपाट मैदाने रात्रीची थंड हवा कोंडून ठेवतात, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही दहिवर गोठून पीक जळण्याची भीती असते. मिशिगनचे नोंदलेले नीचांकी तापमान, उणे ४६ अंश सेल्सिअस, ग्रेलिंगच्या उत्तरेला असलेल्या व्हँडरबिल्ट येथलेच आहे. ते फेब्रुवारी १९३४ मध्ये नोंदले गेले. कष्ट कमी पडले म्हणून ही शेते बुडाली नाहीत. त्या मातीत त्या पिकांना जागाच नव्हती.

१६/
येथे कळीचा प्रश्न येतो : हे आधी कोणाला ठाऊक नव्हते काय? होते. १८८८ मध्ये मिशिगन कृषी महाविद्यालयातील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट केडझी यांनी 'जॅक पाइनच्या मैदानां'विषयी पत्रिका प्रसिद्ध केली. त्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम जेम्स बील यांनी सहकाऱ्यांसह ह्यूरन सरोवरापासून मिशिगन सरोवरापर्यंत राज्याची रुंदी पार करून वनस्पतींची पाहणी केली. ग्रेलिंगला प्रायोगिक क्षेत्र उभारून गवते, चारापिके आणि अनेक जातींची झाडे लावून पाहण्यात आली. ही वाळू साध्या शेतीला जुमानणार नाही, हे सरकारी पैशाने चाललेल्या संस्थेला मोठी विक्री सुरू होण्याच्या आधीच दिसू लागले होते.

१७/
बील यांच्याविषयी एक वाक्य अधिक. १८७९ मध्ये त्यांनी वीस बाटल्यांत ओलसर वाळूत बिया मिसळून त्या जमिनीत पुरल्या, बी किती वर्षे जिवंत राहते हे पाहण्यासाठी. सोळावी बाटली २०२१ मध्ये उकरण्यात आली आणि तीतील काही बिया रुजल्या. शतकापलीकडे पाहणारा प्रयोग आखणारा माणूस त्या राज्यात, त्याच काळात, याच मैदानांविषयी बोलत होता. त्याचे म्हणणे ऐकण्यास वीस वर्षांची सवड कोणापाशी नव्हती.

१८/
माझे मत येथे स्पष्टपणे मांडतो. उत्तर मिशिगनची शोकांतिका अज्ञानातून घडली असे सांगणे सोयीचे आहे, पण ते खरे नाही. ज्ञान होते; ते विक्रीच्या व्यवहारात शिरू दिले गेले नाही. जमीन विकणाऱ्याचा नफा विक्रीच्या दिवशी पुरा होतो, आणि मातीचे उत्तर पाच-सात वर्षांनी येते. या दोन तारखांमधले अंतर नेहमी गरीब खरेदीदाराच्या खात्यावर पडते. म्हणून मातीचे सर्वेक्षण ही शास्त्रज्ञांची हौस नव्हे, ते ग्राहकसंरक्षण आहे. ते विक्रीच्या आधी झाले पाहिजे आणि खरेदीदाराच्या हाती पडले पाहिजे.

१९/
यावर एक रास्त आक्षेप आहे. आज शंभर वर्षांनी मागे वळून शहाणपण सांगणे सोपे. त्या कुटुंबांना जमीन हवी होती, आणि 'तुम्हाला ही झेपणार नाही' असे सरकारने सांगणे म्हणजे गरिबांचा जमिनीवरचा हक्क नाकारणे ठरले असते. काही जणांनी त्या वाळूतही बटाटा पिकवून तग धरला. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पण माहिती देणे आणि बंदी घालणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या कुटुंबांना बंदी नको होती, हे खरे. त्यांना खरी माहितीही मिळाली नाही, हेही तितकेच खरे. स्वातंत्र्याच्या नावाने त्यांना अंधारात निवड करावी लागली.

२०/
पुढे काय झाले? कर थकले, शेते ओस पडली आणि लाखो एकर जमीन करबुडीत म्हणून राज्याकडे परत आली. राज्याने ती पुन्हा विकली. ती पुन्हा परत आली. अखेर धोरण बदलू लागले. १८९९ मध्ये वन आयोग नेमला गेला, १९०३ मध्ये रॉसकॉमन-क्रॉफर्ड भागात पहिली राज्य वनक्षेत्रे राखली गेली आणि हिगिन्स लेक येथे रोपवाटिका सुरू झाली. १९२२ मध्ये 'मिशिगन लँड इकॉनॉमिक सर्व्हे' सुरू झाला. माती, वनस्पती, जमिनीचा वापर आणि मालकी यांचा परगण्यानुसार एकत्र नकाशा करण्याचा हा त्या देशातील अग्रगण्य प्रयत्न होता, मृदाशास्त्रज्ञ जे. ओ. व्हीच यांचे काम त्यात महत्त्वाचे. आज मिशिगनचे राज्य वनक्षेत्र सुमारे ३९ लाख एकर आहे, आणि त्याचा मोठा भाग याच परत आलेल्या जमिनींचा आहे.

२१/
शेजारच्या विस्कॉन्सिनने एक पाऊल पुढे टाकले. तेथील ओनायडा परगण्याने १९३३ मध्ये ग्रामीण क्षेत्राचे विभागीकरण करणारा नियम केला. ठराविक भागांत नवी शेतवस्ती करता येणार नाही, तो भाग जंगल आणि विरंगुळ्यासाठी राहील, असा त्याचा आशय. अमेरिकेतील अशा प्रकारचा हा पहिला नियम मानला जातो. दूरदूर विखुरलेल्या, बुडत्या शेतांपर्यंत रस्ता आणि शाळा पोहोचवण्याचा खर्च परगण्यांना पेलवेना, हे त्यामागचे व्यावहारिक कारण होते. मातीचे ऐकण्याची वेळ शेवटी तिजोरीमुळे आली.

२२/
१९३३ ते १९४२ या काळात 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर'च्या बेकार तरुणांनी मिशिगनमध्ये सुमारे ४८ कोटी ४० लाख झाडे लावली. मूळ जंगल कसे होते हे पाहायचे तर ग्रेलिंगजवळच्या हार्टविक पाइन्स उद्यानात जावे लागते. कॅरेन हार्टविक यांनी पहिल्या महायुद्धात वारलेल्या पतीच्या स्मरणार्थ १९२७ मध्ये आठ हजार एकरांहून अधिक जमीन राज्याला दिली. तीत जुन्या पाइनवनाचे अवघे ८५ एकर होते. १९४० च्या नोव्हेंबरमधील वादळाने त्यांतले ४९ उरले. एकेकाळी क्षितिजापर्यंत पसरलेल्या वनाचा हा नमुना.

२३/
येथवर 'सुपीक' या पहिल्या निवाड्याची कथा झाली. आता दुसरा निवाडा : निकामी जमीन, तीवर झाडे लावा आणि आग विझवा. हेतू चांगला होता. पण आग थांबली तशी जॅक पाइनची नवी पिढी थांबली. त्याचा फटका बसला एका छोट्या पक्ष्याला, कर्टलँड्स वार्बलरला. हिवाळ्यात बहामा बेटांवर राहणारा हा पक्षी घरटे करतो ते मुख्यत्वे अशाच वाळूवर, साधारण पाच ते वीस वर्षे वयाच्या जॅक पाइनच्या खालच्या फांद्यांच्या आडोशाला, थेट जमिनीवर. पाणी झटकन मुरणाऱ्या वाळूमुळे घरटे भिजत नाही, असे मानले जाते. त्याचे पहिले घरटे शास्त्रज्ञांना १९०३ मध्ये ऑ साबलच्याच परिसरात सापडले.

२४/
१९५१ च्या पहिल्या गणनेत गाणारे ४३२ नर मोजले गेले. १९६१ मध्ये ५०२, आणि १९७१ मध्ये अवघे २०१. झाडे वयस्क झाली होती आणि आग नव्हती. त्यातच जंगलतोडीनंतर पूर्वेकडे पसरलेला काउबर्ड, आपल्या कोकिळेप्रमाणे, दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालत होता. १९७२ पासून काउबर्ड पकडण्याची मोहीम सुरू झाली. घसरण थांबली, परंतु वाढ होईना. १९७४ आणि १९८७ मध्ये संख्या १६७ पर्यंत उतरली. ज्या जमिनीला एका शतकाने निकामी म्हटले, तिच्या एका विशिष्ट वयाच्या जंगलावाचून जगातली एक संपूर्ण जात उरणार नव्हती.

२५/
मग आग परत आणण्याचा प्रयत्न झाला. ५ मे १९८० रोजी मॅक लेकजवळ या पक्ष्याच्या अधिवासासाठी लावलेली नियंत्रित आग हाताबाहेर गेली. काही तासांत ती सुमारे २४ हजार एकरांवर पसरली, चाळीसहून अधिक घरे व इमारती जळाल्या आणि वनखात्याचा एक तरुण कर्मचारी मृत्युमुखी पडला. ही घटना मी मुद्दाम सांगतो, कारण 'निसर्गाला त्याच्या मार्गाने जाऊ द्या' हे वाक्य लिहिणे सोपे असते. त्या मार्गावर आता माणसांची घरे आहेत. आणि तरीही, दहा वर्षांनी त्याच जळालेल्या मैदानावर उगवलेल्या जॅक पाइनमध्ये वार्बलरची संख्या झपाट्याने वाढली, हेही सत्य आहे. दोन्ही गोष्टी एकत्र धरून विचार करावा लागतो.

२६/
त्यानंतर आगीचे काम बऱ्याच अंशी नियोजित तोड आणि लागवडीने केले जाऊ लागले : ठराविक तुकडे तोडायचे, मध्ये मोकळ्या जागा ठेवून जॅक पाइन दाट लावायचे, म्हणजे दरवर्षी कोठेतरी योग्य वयाचे जंगल तयार राहील. २०१२ पर्यंत गाणाऱ्या नरांची संख्या दोन हजारांवर गेली, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये ही जात संकटग्रस्त यादीतून काढण्यात आली. हे यश खरे आहे, पण ते कायमचे नाही. तोड, लागवड आणि काउबर्डवरची नजर थांबली तर पक्षी पुन्हा घटेल. एकदा मोडलेली व्यवस्था दुरुस्त होते तेव्हा ती फुकट चालत नाही. ती दरवर्षी मजुरी मागते.

२७/
'रिकामी जमीन' ही समजूत अजून गेलेली नाही. १९१३ मध्ये एका लाकूड व्यापाऱ्याने दिलेल्या जमिनीवर ग्रेलिंगला लष्करी प्रशिक्षणतळ उभा राहिला आणि पुढे तो फार विस्तारला. अलीकडच्या काळात त्या परिसराच्या भूजलात पीएफएएस ही न विघटणारी रसायने आढळली; आग विझवणाऱ्या फेसातून ती जमिनीत उतरतात. जी वाळू नदीला स्वच्छ थंड पाणी देते, तीच वर सांडलेले विषही तितक्याच तत्परतेने खाली पोहोचवते. मातीचा गुण आणि दोष असे वेगळे काढता येत नाहीत. एकच स्वभाव असतो. त्याच्याशी आपण कसे वागतो यावर त्याचे फळ ठरते.

२८/
हे आपल्याला का सांगायचे? दख्खनची बरड माळराने, कोकणातील जांभ्याचे सडे यांची जन्मकथा निराळी. तेथे हिमनदीचा संबंध नाही. पण कागदावरचा निवाडा ओळखीचा आहे. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात खुरट्या झुडपांची मोकळी जमीनही 'पडीक' या सदरात येते. अशाच माळांवर माळढोक जगत आला. त्यासाठी नान्नजला अभयारण्य करावे लागले. आणि आजही 'ओसाड माळ हिरवा करू' म्हणत गवताळ जमिनीवर सरसकट झाडांचे खड्डे खोदले जातात. मिशिगनने आधी नांगराने चूक केली, मग चांगल्या हेतूच्या लागवडीने. दुसरी चूक ओळखण्यास अधिक वेळ लागला, कारण तिच्यावर टीका करणे अवघड होते.

२९/
तेव्हा माझे म्हणणे एवढेच. जमिनीला 'निकामी' म्हणण्यापूर्वी 'कोणाच्या कामाची नाही?' हे विचारावे. ग्रेलिंगची वाळू मक्याच्या कामाची नव्हती. पाइनच्या, ब्लूबेरीच्या, थंड नदीच्या आणि एका इवल्या पक्ष्याच्या ती पूर्ण कामाची होती. सर्वेक्षण आधी, विक्री नंतर. जुन्या रहिवाशांची माहिती आधी, योजना नंतर. हा क्रम मिशिगनला शंभर वर्षांनी आणि फार मोठ्या किमतीला उमगला. तो आपल्याला वाचून कळला तर स्वस्तात पडेल.

३०/
आपल्या गावच्या उताऱ्यावर पोटखराबा म्हणून नोंदलेली एखादी जागा असेल, तर पावसाळ्यात एकदा तेथे जाऊन पाहा. काय उगवते, कोण चरते, कोणता पक्षी जमिनीवर घरटे करतो, पाणी कोठे मुरते. जे दिसेल ते या धाग्याखाली जरूर लिहा. पुढचा धागा रशियन शेतकऱ्यांच्या बोलीतून जागतिक मृदाशास्त्रात गेलेल्या शब्दांविषयी. लोभ असावा.